स्पर्श आणि सूक्ष्मदर्शक : वर्धा जिल्ह्यातील कुष्ठकार्याची कथा

दर तीन वर्षांनी, उपासनेच्या 'ब' वर्षात, सामान्य काळातील सहाव्या रविवारी मिस्सामध्ये दोन वाचने एकापाठोपाठ येतात. पहिले लेवीय या पुस्तकातील. अंगावर चट्टा उठलेल्या माणसाला याजकापुढे आणावे, याजकाने तो तपासावा आणि रोग ठरल्यास त्या माणसाने छावणीबाहेर एकटे राहावे, असा नियम त्यात सांगितला आहे. दुसरे संत मार्कलिखित शुभवर्तमानातील. त्यात असाच एक माणूस प्रभू येशूसमोर गुडघे टेकतो आणि प्रभू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. त्या रविवारी बहुधा प्रत्येक धर्मग्रामात प्रवचनात फादर डेमियन यांचे नाव निघते. ते निघावेच. परंतु आपल्या महाराष्ट्रातील एका जिल्ह्याचे नाव त्या रविवारी कोणी घेतल्याचे आम्ही ऐकलेले नाही. तो जिल्हा वर्धा. ज्या रोगापायी माणसाला हजारो वर्षे छावणीबाहेर घालवले गेले, त्या रोगाच्या माणसाला त्याच्या घरातून न उठवता बरे करण्याची पद्धत आपल्या देशात प्रथम याच जिल्ह्यातील खेड्यांत पद्धतशीरपणे राबवली गेली. तिच्यामागे सेवाभाव होता, तसेच जंतुशास्त्र आणि रसायनशास्त्रही होते. या तिन्ही गोष्टी एकत्र कशा आल्या, ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. लेवीयातील तो 'चट्टा' म्हणजे आपण आज ज्याला कुष्ठरोग म्हणतो तोच, असे धरून चालता येत नाही. त्याच अध्यायांत वस्त्रावर आणि घराच्या भिंतीवर उठणाऱ्या त्याच नावाच्या डागांचेही नियम आहेत. भिंतीला कुष्ठरोग होत नाही. ओलाव्याने तिच्यावर बुरशी येते, हे कोकणात पावसाळा काढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. मूळ हिब्रू शब्द धार्मिक अशुद्धतेचा होता. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी 'लेप्रा', म्हणजे खवलेदार त्वचारोग, हा शब्द वापरला आणि पुढे तोच शब्द एका अगदी वेगळ्या रोगाला चिकटला. आपल्याकडेही फार वेगळे घडले नाही. सुश्रुतसंहितेत 'कुष्ठ' या नावाखाली त्वचेचे कितीतरी विकार येतात. म्हणजे नाव एक, रोग अनेक, आणि त्या साऱ्यांची शिक्षा मात्र एकाच रोग्याला!

या रोगाचे खरे कारण १८७३ साली उघड झाले. नॉर्वेतील बर्गन येथील डॉक्टर आरमाउअर हान्सेन यांनी त्या वर्षाच्या फेब्रुवारीत रुग्णाच्या गाठीतून काढलेल्या द्रवात, सूक्ष्मदर्शकाखाली, काडीसारखे बारीक जंतू पाहिले. हा रोग रक्तातून, घराण्यातून उतरतो, असे त्या काळी बहुतेक वैद्य मानीत. हान्सेन यांनी तो जंतूपासून होतो असे म्हटले. त्याच वर्षाच्या मे महिन्यात, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, हवाई बेटांपैकी मोलोकाई बेटावरील कालाउपापा येथे फादर डेमियन यांनी पाऊल ठेवले. दोघांना एकमेकांची वार्ता नव्हती. एकाच वर्षी एकाने रोगाचा जंतू पाहिला आणि दुसऱ्याने रोग्याचा हात धरला, हा योगायोग आम्हांला नेहमी विलक्षण वाटत आला आहे.

या जंतूविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण पुढची सगळी कथा त्याच्या स्वभावावर उभी आहे. तो क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. दोघांच्याही अंगावर मेणासारख्या चरबीयुक्त द्रव्याचे जाड आवरण असते. त्यामुळे साध्या रंगाने ते रंगत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत काचपट्टीवर घेतलेल्या नमुन्यावर फिनॉल मिसळलेला लाल रंग ओततात आणि खालून उष्णता देतात. तेव्हा कुठे रंग त्या आवरणात शिरतो. नंतर आम्लाने काचपट्टी धुतात. इतर जंतूंचा रंग धुऊन जातो. यांचा जात नाही, कारण मेणात शिरलेला रंग आम्लाला सहजी सोडवता येत नाही. शेवटी निळा रंग दिला, की निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसू लागतात, पुष्कळदा विड्यांच्या जुडीसारख्या एकत्र बांधलेल्या. ही रीत १८८० नंतरच्या काही वर्षांत जर्मनीत सिद्ध झाली आणि आजही साध्या ग्रामीण प्रयोगशाळेत वापरली जाते.

या जंतूचा दुसरा विशेष म्हणजे त्याचा संथपणा. दुधाला विरजण लावले तर एका रात्रीत दही होते, कारण त्यातील जंतू पाहता पाहता दुप्पट होत जातात. आतड्यातील काही जंतू तर अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. कुष्ठाच्या जंतूला दुप्पट व्हायला बारा ते चौदा दिवस लागतात. म्हणूनच संसर्ग झाल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत साधारण पाच वर्षे आणि कधी कधी वीस वर्षेही जातात. त्याला थोडी थंड जागा आवडते. त्यामुळे तो कानाची पाळी, नाक, त्वचा आणि त्वचेजवळून जाणारे मज्जातंतू येथे मुक्काम करतो. कृत्रिम खाद्यावर तो प्रयोगशाळेत वाढवता येत नाही. हान्सेन यांना ते जमले नाही आणि आजवर कोणालाही जमलेले नाही. उंदराच्या थंड तळपायात त्याची वाढ करण्याची युक्ती १९६० साली सापडली, आणि १९७१ साली आर्माडिलो या खवलेधारी, थंड शरीराच्या अमेरिकन प्राण्यात तो वाढू शकतो हे कळले.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शंभरातील सुमारे पंचाण्णव माणसांच्या अंगी या जंतूविरुद्ध उपजतच पुरेशी प्रतिकारशक्ती असते. उपचार न घेतलेल्या, अंगात जंतूंची दाटी असलेल्या रोग्याच्या नाकातोंडातून तो प्रामुख्याने पसरतो, तोही दीर्घकाळच्या निकट सहवासाने. एका पंगतीत जेवल्याने, हात मिळवल्याने किंवा बसमध्ये शेजारी बसल्याने तो होत नाही. बोटे 'झडतात' तीही जंतूने खाल्ल्यामुळे नव्हेत. मज्जातंतू मेला की चटका कळत नाही, काटा कळत नाही, आणि न कळलेल्या जखमा वर्षानुवर्षे चिघळून बोटे आखूड होतात. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी स्वातंत्र्यानंतरच्या काळात हे पटवून दिले. साऱ्या संसर्गजन्य रोगांत इतका दुबळा पसरणारा आणि इतका भीतिदायक ठरलेला दुसरा रोग क्वचितच सापडेल.

फादर डेमियन यांना स्वतःला हा रोग झाला आणि १५ एप्रिल १८८९ रोजी ते निवर्तले. या मृत्यूचे पडसाद हिंदुस्थानपर्यंत पोहोचले, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्यांच्या स्मरणार्थ इंग्लंडमध्ये एक राष्ट्रीय कुष्ठनिधी उभारला गेला आणि त्या निधीने १८९०-९१ साली एक आयोग हिंदुस्थानात पाठवला. आयोग देशभर हिंडला आणि हा रोग स्पर्शाने फारसा पसरत नाही, सक्तीने रोग्यांना वेगळे डांबण्याचे कारण नाही, अशा निष्कर्षाला आला. निधीच्या चालकांना तो निष्कर्ष रुचला नाही. पुढे १८९७ साली बर्लिन येथे भरलेल्या परिषदेने रोग्यांना वेगळे ठेवण्याचाच पुरस्कार केला आणि १८९८ साली हिंदुस्थानात कुष्ठरोग्यांचा कायदा झाला. रस्त्यावर भीक मागणाऱ्या रोग्याला पकडून आश्रयगृहात नेण्याचा अधिकार त्याने पोलिसांना दिला. डेमियन यांच्या स्मृतीतून निघालेल्या चौकशीने 'डांबू नका' असे सांगितले होते. कायदा मात्र भीतीने लिहिला.

मुंबईत याच्या काही वर्षे आधी, १८९० साली, महापालिका आयुक्त हॅरी ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने बेघर रोग्यांसाठी माटुंगा-वडाळ्याकडे आश्रयगृह निघाले. आजचे ॲकवर्थ रुग्णालय ते हेच. (मराठी वाचकाला हे ॲकवर्थसाहेब आणखी एका नात्याने जवळचे आहेत. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाडे गोळा करून छापणारे ते हेच गृहस्थ.) देशभर मिशनऱ्यांनी, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांनीही, अशीच आश्रयगृहे काढली. ज्याला गावाने हाकलले त्याला तेथे छप्पर, अन्न आणि स्वच्छ पट्टी मिळाली. गांधीजींनी आपल्या 'रचनात्मक कार्यक्रम' या पुस्तिकेच्या वाढवलेल्या आवृत्तीत कुष्ठसेवेचा समावेश केला, तेव्हा या मिशनरी सेवेला त्यांनी मोकळेपणाने श्रेय दिले आणि त्याबरोबरच आपल्या देशबांधवांच्या उदासीनतेला बोल लावला. भारतीय माणसाने केवळ प्रेमापोटी चालवलेली संस्था म्हणून त्यांनी त्या ठिकाणी एकच नाव घेतले : वर्ध्याजवळचे मनोहर दिवाण यांचे काम.

येथून आपण वर्ध्यात येतो. विनोबा १९२१ पासून वर्ध्यात होते. त्यांच्या सहवासात घडलेले मनोहर दिवाण हे खादी व ग्रामसेवेच्या निमित्ताने आसपासच्या खेड्यांत हिंडत. पऱ्हाटीच्या शेतांच्या कडेला, गावकुसाबाहेर, झोपडीत राहणारे रोगी त्यांना दिसत. १९३६ साली, विनोबांच्या प्रेरणेने, त्यांनी वर्धा शहराजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. ते स्वतः डॉक्टर नव्हते. जखम धुणे आणि बांधणे, इंजेक्शन देणे, शेती करून घेणे, सूत कातणे, विणणे असे काम ते रोग्यांसोबत करीत. भीक नको, श्रम हवेत, ही विनोबांची शिकवण तेथे व्यवहारात आली.

दत्तपूरच्या तीन वर्षांनंतर, १९३९ साली, सेवाग्रामच्या आश्रमात परचुरे शास्त्री आले. हे संस्कृतचे गाढे पंडित. १९३२ साली येरवडा तुरुंगात ते गांधीजींच्या सोबतीचे कैदी होते. मात्र रोगामुळे त्यांना निराळे ठेवले होते आणि दोघांचा संबंध पत्रांतूनच राहिला होता. आता रोग वाढला होता आणि जवळ करणारे कोणी उरले नव्हते. आश्रमात मुले होती, स्त्रिया होत्या, पाहुण्यांची रीघ होती. गांधीजींनाही निर्णय सोपा गेला नाही. त्यांनी आश्रमवासीयांसमोर प्रश्न ठेवला, त्यांची संमती घेतली आणि आपल्या कुटीजवळच शास्त्रीबुवांसाठी कुटी बांधून दिली. ते रोज जाऊन त्यांच्या अंगाला मालिश करीत, जखमा पाहत. त्या प्रसंगाचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. सेवाग्रामला जाणाऱ्याला परचुरे कुटी आजही दाखवतात.

त्या छायाचित्रातल्या हातांजवळ औषध म्हणावे असे जवळजवळ काहीच नव्हते, हे आम्हांला येथे नोंदवावेसे वाटते. होते ते चालमुग्र्याचे तेल. आयुर्वेदातील तुवरक याच जातीचा. हे तेल पोटात घेतले तर मळमळ असह्य होई आणि इंजेक्शनने टोचले तर घट्टपणामुळे गाठी धरत. हवाईमध्ये ॲलिस बॉल या तेवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय रसायनतज्ज्ञ तरुणीने १९१५-१६ च्या सुमारास या तेलातील आम्ले अल्कोहोलशी जोडून त्यांचे पातळ, टोचण्यास सुलभ असे रूप तयार केले. १९१६ साली ती वारली आणि तिच्या कामाचे श्रेय कित्येक वर्षे दुसऱ्यांनाच मिळत राहिले. इतके करूनही त्या तेलाचा गुण अनिश्चितच होता. शास्त्रीबुवा पुढे दत्तपूरला गेले आणि १९४५ साली तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांना जे मिळाले ते सान्निध्य होते, रोगमुक्ती नव्हे. ती देणारे द्रव्य त्या वेळी जगात अस्तित्वात होते. फक्त त्याचा हा उपयोग कोणाला ठाऊक नव्हता.

ते द्रव्य म्हणजे डॅप्सोन. १९०८ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे फ्रोम आणि विटमन या रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रथम तयार केले होते, तेही औषध म्हणून नव्हे. तीन दशके ते दुर्लक्षितच राहिले. १९३५ साली सल्फा औषधांचा शोध लागला आणि त्यांच्या गोतावळ्यातील द्रव्ये संशोधकांनी पुन्हा हाताशी घेतली. १९४१ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यातील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात डॉ. गाय फॅजेट यांनी डॅप्सोनपासून बनवलेले प्रोमिन हे औषध रुग्णांना शिरेतून दिले. जुनाट जखमा भरून येऊ लागल्या. या रुग्णालयाची शुश्रूषा १८९६ पासून 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' या आपल्या धर्मभगिनी करीत होत्या, आणि तेथील औषधशाळेत व प्रयोगशाळेत सिस्टर हिलरी रॉस अनेक वर्षे काम करीत. जीवरसायनशास्त्र त्यांनी बरेचसे स्वतःच शिकून घेतले होते. आपल्या घराघरांत डेमियन यांची तसबीर असते. सिस्टर हिलरी यांचे नाव मात्र आम्हांला कोणत्याही घरात ऐकू आलेले नाही.

डॅप्सोन काम कसे करते, ते समजून घेण्याजोगे आहे. कुष्ठाच्या जंतूला जगण्यासाठी फोलिक आम्ल लागते. ते तो एका लहान रेणूपासून स्वतःच्या अंगातच बनवतो. डॅप्सोनचा रेणू त्या कच्च्या मालाशी इतका सारखा दिसतो, की जंतूतील पाचक द्रव्य, म्हणजे एन्झाइम, फसते आणि खऱ्या रेणूऐवजी यालाच धरून बसते. कुलपात दुसरीच किल्ली अडकली की खरी किल्ली आत जात नाही, तसेच. फोलिक आम्ल न मिळाल्याने जंतूची वाढ खुंटते. माणसाचे मात्र फारसे बिघडत नाही, कारण माणूस फोलिक आम्ल बनवीत नाही. ते त्याला पालेभाजी आणि डाळीतून आयते मिळते.

प्रोमिन महाग होते आणि शिरेतून द्यावे लागे. भारतासारख्या देशाला ते परवडणारे नव्हते. मद्रासजवळच्या चिंगलपेट येथे डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी मूळ स्वस्त डॅप्सोनच शेंगदाण्याच्या तेलात कालवून टोचून पाहिले. नायजेरियात डॉ. जॉन लो यांनी ते अल्प मात्रेत, तोंडाने, गोळीच्या रूपात देता येते हे दाखवले. पूर्वी ते विषारी ठरले होते ते केवळ मात्रा फार मोठी दिल्यामुळे. १९५० च्या सुमारास एक पांढरी, काही पैशांची गोळी हाती आली. ती घेण्यासाठी रोग्याला कोणत्याही आश्रयगृहात राहण्याची गरज नव्हती.

याच जिल्ह्यातील हिंगणघाट येथे १९१४ साली जन्मलेल्या बाबा आमटे यांचा मार्ग याच वर्षांत ठरला. वरोऱ्यात वकिली आणि नगरपालिकेचे काम करीत असताना पावसात भिजत पडलेल्या एका रोग्याच्या दर्शनाने ते हादरले आणि आपल्याच भीतीची त्यांना लाज वाटली. दत्तपूरला येऊन ते मनोहर दिवाण यांच्याकडे शिकले, मग कलकत्त्याला जाऊन त्यांनी या रोगाचे शिक्षण घेतले. हा जंतू प्रयोगशाळेत वाढत नसल्याने संशोधन अडले आहे हे कळल्यावर त्यांनी आपले शरीर देऊ केले आणि जंतू टोचून घेतले. रोग त्यांना झाला नाही. मघाशी सांगितलेल्या पंचाण्णव माणसांपैकी ते एक होते. १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात आनंदवन उभे राहिले. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे थांबत नाही.

कमी लिहिले गेले ते याच्या पुढच्या कामाविषयी. गांधीजींच्या हत्येनंतर उभ्या राहिलेल्या गांधी स्मारक निधीतून १९५१ साली वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याची धुरा डॉ. वारदेकर यांच्याकडे आली. ते मूळचे विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे सूक्ष्मदर्शकाचे माणूस. हातात पैसा होता, गांधीजींचे नाव होते. एक मोठे, सुंदर कुष्ठधाम बांधणे सहज शक्य होते आणि लोकांनीही वाहवा केली असती. प्रतिष्ठानने ते केले नाही. आश्रयगृहात येतो तो रोगी बहुधा उशिरा येतो, बोटे गेल्यावर आणि गावाने हाकलल्यावर. तोवर त्याने नकळत आपल्या घरातल्या लहानग्यांना जंतू दिलेले असतात. बाहेर, कोणाच्याही लक्षात न आलेले रोगी जंतू पसरवीत राहतातच. मग भिंती कितीही बांधल्या तरी रोग कमी कसा व्हावा?

म्हणून सेवाग्रामच्या परिसरातील खेडी निवडून तेथे काम सुरू झाले. त्याची तीन अंगे होती : पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार. यातील पाहणी म्हणजे खरोखरच घरोघर जाऊन प्रत्येक माणसाला पाहणे. त्यासाठी डॉक्टर पुरणे शक्यच नव्हते. म्हणून साधे शिकलेले तरुण काही महिन्यांच्या प्रशिक्षणाने तयार केले गेले. घरातील यादी करायची, मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत प्रत्येकाला उजेडात उभे करायचे, पाठ, दंड, मांडी पाहायची. फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला तर डोळे मिटवून त्यावर पीस किंवा कापूस फिरवायचा आणि कळते का ते विचारायचे. कोपराच्या मागची शीर बोटांनी चाचपायची. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन काचपट्टीवर नमुना घ्यायचा आणि तो लाल रंगाने रंगवायचा. सुगीच्या दिवसांत माणसे शेतावर. मग पहाटे किंवा दिवेलागणीला पुन्हा जायचे. विवाहयोग्य मुलीच्या पाठीवर चट्टा निघाला तर तिचे आईवडील काय म्हणतील, हे वाचकांनी स्वतःच ताडावे. लोकशिक्षणाचे अंग त्यासाठीच होते. शाळेत, बाजारात, चावडीवर एकच गोष्ट पुन:पुन्हा सांगावी लागे, की हा रोग पापाचे फळ नाही, घराण्याचा नाही, आणि गोळीने बरा होतो.

उपचारही गावातच होई. ठरलेल्या वारी, ठरलेल्या झाडाखाली अथवा ओसरीवर गोळ्या मिळत आणि माणूस आपल्या घरी परते. नांगर सुटत नसे, चूल मोडत नसे. नियमित गोळ्या घेणाऱ्याच्या अंगातील जंतू कमी होत गेले की त्याच्यापासून पसरणारा संसर्गही आटत जाई. म्हणजे प्रत्येक रोग्याचा उपचार हेच गावाचे संरक्षण होते. लेवीयातील याजकही चट्टाच तपासत असे. वर्ध्याच्या खेड्यांतील या कार्यकर्त्याने तपासणी तशीच काळजीपूर्वक केली. फरक असा, की निदान झाल्यावर माणूस घरीच राहिला.

१९५४-५५ साली भारत सरकारने राष्ट्रीय कुष्ठ नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला, तो याच पद्धतीवर.

तथापि हा मार्ग सरळ गेला नाही, हे सांगायला हवे. एकाच औषधाने वर्षानुवर्षे लढले की जंतूंच्या झुंडीतील जे थोडे त्या औषधाला दाद देत नाहीत तेवढे उरतात आणि तेच वाढतात. मलेशियात १९६४ साली डॅप्सोनला न जुमानणारे जंतू सिद्ध झाले. पुढे ते अनेक देशांत आढळू लागले. गोळी आयुष्यभर घ्यावी लागणार, या जाणिवेने रोगी कंटाळत, मधेच सोडत, आणि अर्धवट उपचारानेच असे जंतू पोसले जात. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी उपाय सुचवला तो तीन औषधे एकत्र देण्याचा : डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन. यातील क्लोफाझिमिन मूळचे एक रंगद्रव्य आहे. डब्लिन येथे १९५४ च्या सुमारास व्हिन्सेंट बॅरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयावर औषध शोधताना ते तयार केले. त्याने रोग्याची कातडी काही काळ काळवंडते, हा त्याचा दोष. रिफाम्पिसिन मात्र थेट जंतू मारणारे. त्याच्या पहिल्या काही मात्रांतच अंगातील बहुतेक सारे जंतू मरतात आणि रोगी संसर्गजन्य राहत नाही. तिन्ही औषधांना एकाच वेळी चकवणारा जंतू निपजण्याची शक्यता नगण्य. हा बहुऔषधोपचार सुरू करणाऱ्या देशातील अगदी पहिल्या जिल्ह्यांत वर्धा होता, आणि तसे असणे स्वाभाविक होते. कोणत्या घरात कोण रोगी आहे, याची तीन दशकांची नोंद अन्य कोणाकडे होती? पूर्वीचा आजन्म उपचार आता सहा ते बारा महिन्यांवर आला आहे.

डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, ही सीमा भारताने गाठली. यावरून रोग संपला असे मानणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू, की जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही आपल्या देशात आहेत. १८९८ चा तो कायदा आपल्या देशाने पूर्णपणे रद्द केला २०१६ साली. जोडीदाराला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचे कारण आपल्या विवाह कायद्यांतून निघाले २०१९ साली. गोळी हाती आल्यापासून कायदा बदलायला सहा दशकांहून अधिक काळ लागला. या जंतूपेक्षाही संथ काही असेल तर ते आपले कायदेमंडळ!

आम्हां कॅथलिकांना या इतिहासात अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे. पण थोडे अंतर्मुख होण्याजोगेही आहे. मोलोकाईवरील ती वसाहत राजाज्ञेने निर्माण झालेली होती. माणसांना धरून, बायकामुलांपासून तोडून तेथे सोडले जाई. फादर डेमियन यांनी ती बांधली नाही. तिच्यात राहून त्यांनी तिचे नरकपण घालवले. आपण मात्र त्यांचे शौर्य आठवताना त्या वसाहतीलाही जणू पवित्र मानू लागलो. आपल्या देशातील आश्रयगृहांतही पुष्कळ काळ पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या ठेवल्या गेल्या, निरोगी बाळे आईपासून दूर वाढवली गेली. ज्यांनी हे केले ते प्रेमळ होते, आणि औषध नसताना त्यांना दुसरा मार्ग दिसत नव्हता. तरीही ज्या घरातून आई उठली त्या घराचे दुःख आपण कधी मोजले नाही. संत मरियान कोप यांनी कालाउपापा येथे तीस वर्षे सेवा केली. सोबतच्या भगिनींना त्या हात धुण्याची आणि स्वच्छतेची कडक शिस्त लावीत. त्यांना स्वतःला हा रोग झाला नाही. म्हणजे भक्ती आणि साबण यांचे वैर त्यांनाही मान्य नव्हते. फादर डेमियन यांना २००९ साली आणि मदर मरियान यांना २०१२ साली संतपद मिळाले. ती हवाईतील सक्तीची बंदी उठली १९६९ साली, म्हणजे सेवाग्रामच्या खेड्यांत माणसे घरी राहून बरी होऊ लागल्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी.

आपल्या धर्मग्रामांत आजही एखाद्याच्या पाठीवर बधिर चट्टा दिसला तर घरचे तो लपवतात. प्रवचनात 'पापाचा महारोग' असा दृष्टान्त ऐकणाऱ्या बाकावर असा माणूस बसलेला असू शकतो, याची जाणीव बोलणाऱ्याला नेहमीच असते असे नाही. चट्टा दाखवायचा तो जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात. तपासणी आणि औषध दोन्ही विनामूल्य आहेत. घरच्या निरोगी मंडळींना रिफाम्पिसिनची एक मात्रा देऊन त्यांचा धोका कमी करण्याची रीतही अलीकडे सुरू झाली आहे.

फ्रेंच कॅथलिक लेखक राऊल फोलेरो यांनी १९५४ साली जागतिक कुष्ठदिन सुरू केला आणि त्यासाठी जानेवारीतील शेवटचा रविवार निवडला. भारतात तो ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला पाळतात. २०२२ साली हे दोन्ही दिवस एकाच तारखेला आले होते.